गुरुवारची नळी

ती मोरपंखी खड्यांची बाटली उचललीस व्हय फळीवरनं? बस मग, पोरी. तिच्यापायी एका धडधाकट गड्याला असे धक्के बसलेत, की ऐकून तुझा चहा निवंल. सांगतो.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल आसंल. भोसरीत दत्तोबाशेठचा लेथचा कारखाना. आमच्याकडं सुट्टी गुरुवारी, वीजच बंद. पुण्याच्या माणसाला हे कुठलं ठाऊक?

जयसिंग एकटाच मशिनीला तेल पाजत बसलेला. दापोडीचा गडी, अंगानं दांडगा, बोलायला लाजरा. दारात सावली पडली. वर बघतो तर... बाई! कारखान्यात! आन् बोटांना मोराच्या पिसासारखा डाग.

"सगळी भोसरी मेलीय का हो? एक दार उघडं नाही!"

"मेली न्हाई बाई, झोपलीय. गुरुवार हाय."

"मग तुम्ही?"

"मला झोप येत न्हाई."

"बरं झालं," म्हणाली आन् हसली. जयसिंगच्या हातातली तेलाची बुधली तिथंच आडवी!

अरुंधती तिचं नाव. पुण्यात प्रयोगशाळेत संशोधन करायची. काचेच्या बारक्या नळीला, वर अडकवायचा आकडा आसलेली पितळी टोपी पायजे व्हती. नळीत पूड भरायची, नळी तराजूला टांगून मोठ्या चुंबकाच्या तोंडात सोडायची. चुंबकानं ओढलं की वजन वाढतं, आसा हिशेब.

"ह्या खड्यांची पूडसुद्धा चुंबकच आहे," मोरपंखी बाटली पुढं करत ती म्हणाली.

जयसिंगनं बाटलीपाशी टाचणी धरली. ढिम्म!

"ह्यो कसला चुंबक, बाई? टाचणी हलंना!"

"ह्यात तांब्याचे इवले इवले चुंबक आहेत, माळेत ओवलेले. जोडीजोडीनं. एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. खूप थंड केलं, की दोघांची ओढ एकमेकांतच जिरते. बाहेर काही दिसत नाही."

"म्हंजे... जोर हाय, पण दावत न्हाईत?"

"हो." तिनं मान तिरकी केली. "काही माणसंही तशीच असतात ना?"

गड्याचे कान लाल! कानशीनं घासून घासून त्यानं टोपी बसवली. आन् आमच्यात रीत आसती, काम चकचकीत पुसल्याबगर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं न्हाई. त्यानं तारेला सुताचा बोळा गुंडाळून नळी आतनंसुदिक पुसली. जीव लावून पुसली.

पुढच्या गुरुवारी अरुंधती आली ती तोंड पाडून. नळी टेबलावर ठेवली, बाहेरनं चुंबक फिरवला. आतल्या पुडीत काळे केस उभे राहिले!

जयसिंगनं नळी उजेडाला धरली. लोखंडाचा कीस! मशीन पुसायचा बोळा त्यो...

"थंड केलं तरी ओढ जाईना. मला वाटलं, नवीनच काही सापडलं. सगळ्यांसमोर सरांना सांगितलं मी! हसले सगळे. सर म्हणाले, पुन्हा चुकलं तर हे काम दुसऱ्याला देईन."

"मीच पुसली, बाई... लई मनापासून."

ती बघतच राहिली. "मनापासून?"

"व्हय."

मग तिला रागावता येईना. "नवी नळी आणलीय," एवढंच म्हणाली. "आता कमी मनापासून करा."

ह्या खेपेला त्यो नळी घरी घेऊन गेला. भिमाबाईनं, त्याच्या आईनं, साबण लावून त्याचे हात घासले. नवी कानस, ओट्यावर धुतलेलं धोतर. लेकाला खोकूसुदिक दिलं न्हाई माउलीनं!

नळी पुण्याला गेली. पुढचा गुरुवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्याला दारात सावली.

"ओढ गेली, जयसिंग!"

त्यो आपलेच हात उलटेपालटे करून बघाया लागला. "पुन्यांदा बिघडलं?"

"अहो, जमलं! थंड केल्यावर गेली म्हणजे जोड्या जुळल्या. काम माझ्याकडेच राहिलं."

त्यो हसला, आन् मग त्याचं तोंड उतरलं. "म्हंजे... तुमचं हितलं काम संपलं."

"काम संपलं," ती हळूच म्हणाली. "गुरुवार संपले का?"

"बाई, आमी दापोडीची बौद्ध माणसं. मी म्याट्रिक नापास. तुमचे वडील..."

"त्यांना काल सांगितलं."

"काय?"

"तुम्ही अजून मला विचारलं नाही, ते."

हातातली कानस पायावर पडली, तरी गडी ओरडला न्हाई.

"आन् ते काय म्हनले?"

"चहा सांडला त्यांचा. मग म्हणाले, त्या मुलाला आधी बघू तरी दे. ...आता विचारता का?"

विचारलं. कसं, ते दोघांनाच ठाऊक.

लग्नाचं आवतण घेऊन गेले तवा दत्तोबाशेठचा आ वासलेला मिटंना. "अरं, माझ्याच कारखान्यात? मला कवा कायच कसं दिसलं न्हाई?"

"शेठ," अरुंधती म्हणाली, "गुरुवारी तुमची सुट्टी असते ना!"

तर अशी ती बाटली. अरुंधतीबाई यायच्या आत जागेवर ठेव. धूळ दिसंल तिच्यावर, दिसू दे. एवढं ऐक माझं, पोरी... पुसू नकोस.