त्रेचाळीस जणांनी पाहिलेली केतकी

डॉ. ईरा टिल्लू यांनी पडद्यावर बारावं छायाचित्र आणलं आणि शेजारच्या भावालेखाकडे, समोरच्या माणसाच्या भावना टिपणाऱ्या आलेखाकडे, पाहिलं. आधीच्या अकरा वेळांसारखीच रेषा सरळ राहिली. चित्रात एका परदेशी बसथांब्यावर रेनकोट घातलेली साठीची बाई कुणाचा तरी चष्मा उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून काचा तपासत होती.

ही कोण, असं ईरांनी विचारलं. समोरच्या खुर्चीतले मंदार खांबेटे म्हणाले, की ही त्यांची पत्नी केतकी. ठिकाण बर्गेन, नॉर्वे. बस अकरा मिनिटं उशिरा आली होती. चष्मा त्यांचाच होता आणि केतकीने तो नुकताच ओढणीने पुसला होता. हे बघून तुम्हाला काय वाटतं, या प्रश्नावर त्यांनी बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला आणि चित्र थोडं तिरकं आलंय, असं सांगितलं.

खांबेटे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. नाशिकच्या या स्मृतिविज्ञान केंद्रात ते आपणहून आले होते, आणि येताना रीतसर अर्ज घेऊन आले होते. 'विषय : पत्नीच्या निधनाचे दुःख न होणेबाबत.' ईरांचे सहकारी डॉ. झिशान मुकादम यांना ते वाचून हसू आलं होतं. पुढचा परिच्छेद वाचल्यावर ते थांबलं. 'माझी कन्या ओवी वर्षश्राद्धासाठी हॅम्बुर्गहून पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येत आहे. तिला वडिलांबरोबर बसून आईसाठी रडायचे आहे. सद्यःस्थितीत माझ्याकडून ते होणे शक्य दिसत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

झालं होतं ते असं. निवृत्तीनंतर मंदार आणि केतकी पाच महिने फिरले. पोर्तुगाल, नॉर्वे, आइसलँड, शेवटी चिली. दोघांच्या कानामागे याच केंद्रात तयार झालेला, बटणाएवढा भावचित्रक होता. फोटो काढताना मनात जे उमटलं असेल त्याची खूण हे यंत्र फोटोबरोबर नोंदवून ठेवतं. मग घरी आल्यावर फोटो दाखवणाऱ्याने एक बटण लावायचं, बघणाऱ्याने एक. दाखवणारा आठवतो आणि बघणाऱ्याला ते नुसतं दिसत नाही, स्वतःचं असल्यासारखं वाटतं. समुद्रावरचा गारवा वाटतो, थकून हॉटेलात शिरल्याचं सुखही वाटतं.

परत आल्यावर बाविसाव्या दिवशी केतकी सकाळी भाजी निवडता निवडता गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ओवी आली, चार दिवस राहून गेली. त्या चार दिवसांत मंदार इतके रडले की तिला त्यांची काळजी वाटली.

मैत्रबन सोसायटीत परदेशी जाऊन आलेल्याने सगळ्यांना गच्चीवर बोलावून फोटो दाखवायचे, असा जुना रिवाज. वर बटाटेवडे आणि कॉफी. आलेले लोक मनातून 'वडे हवेत, पण फोटो आवरा' म्हणत बसायचे, पण बसायचे. खांबेट्यांचा कार्यक्रम व्हायच्या आधीच केतकी गेली. मग जो तो भेटायला घरी येऊ लागला. भेटायला आलेल्याशी बोलायचं काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंना असतो. मंदारनी फोटो दाखवायला सुरुवात केली.

पहिल्या आल्या चौथ्या मजल्यावरच्या शर्वरी घाटे. मंदारनी चित्र दाखवलं, दोघं रडली आणि त्या गेल्यावर मंदारना जरा हलकं वाटलं. दुःख वाटल्याने कमी होतं असं लहानपणापासून ऐकलेलं, ते खरं निघालं म्हणून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी कुणालाच सोडलं नाही. महिनाभरात त्रेचाळीस जणांनी चित्रं पाहिली, काहींनी पुन्हा पुन्हा पाहिली, शर्वरी तर रोज येत. गणपतीपर्यंत मंदारना झोप लागायला लागली. दिवाळीत त्यांनी केतकीच्या साड्या विनासायास वाटून टाकल्या. फेब्रुवारीत ओवी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही आईबद्दल हवामानाच्या बातम्या दिल्यासारखं बोलता." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचं म्हणणं बरोबर आहे, हे त्यांना पटलं.

मग चार-पाच दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये शर्वरींनी त्यांचा चष्मा काढून घेतला, ओढणीने पुसला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिला आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. मंदार आपला मजला येईपर्यंत बिनचष्म्याचे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला.

झिशाननी त्या त्रेचाळिसांपैकी नऊ जणांना केंद्रात बोलावून तपासलं होतं. केतकीचा फोटो दिसताच नऊही जणांच्या रेषा उसळल्या.

"आपण समजत होतो, हे दिव्यानं दिवा लावण्यासारखं आहे," ते ईरांना म्हणाले. "आपला दिवा आहे तसाच राहतो. पण हे तांब्यातून पाणी देण्यासारखं आहे."

ईरांनी खुर्ची मंदारसमोर ओढली आणि सावकाश सांगितलं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. आठवली की ती दरवेळी ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मेंदू ती पुन्हा घट्ट करून ठेवतो. कुठे, केव्हा, कोण ही माहिती एका जागी, आणि त्याबरोबरची भावना दुसऱ्या जागी. भावचित्रक नेमका त्या मऊ क्षणी भावना उचलतो. जेवढी उचलली गेली तेवढी परत घट्ट व्हायला उरत नाही. म्हणून बसचा उशीर राहिला आणि बाकीचं गेलं. आणि चष्मा पुसणारी केतकी आठवताना लग्नातली केतकीही वर येतेच, त्यामुळे पाच महिन्यांच्या चित्रांतून अडतीस वर्षं उपसली गेली.

"हे चाचण्यांत दिसलं नाही?" मंदारनी विचारलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

झिशान ओशाळले. "चाचण्यांत एक चित्र फार तर तिघांना दाखवलं होतं. दुसऱ्याच्या प्रवासाचे फोटो बघायला याहून जास्त माणसं बसतील, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे पाणी आटलेलं नाही. कालव्यांत गेलंय."

"हो."

"मग ते उलटं आणता येईल."

येईल, असं ईरा म्हणाल्या. त्या लोकांनी बटण लावून त्यांच्या मनातली केतकी मंदारना दाखवायची. एकदा दाखवून भागणार नाही, प्रत्येकाला बऱ्याच बैठका कराव्या लागतील. मंदारकडे जेवढं येईल तेवढं त्यांच्याकडचं जाईल. शर्वरी पहिल्या आणि रोजच्या, तेव्हा सगळ्यांत जास्त त्यांच्याकडे असणार. एकट्या त्या तयार झाल्या तरी शुक्रवारपर्यंत रडण्यापुरतं साधेल. संमती मात्र लेखी लागेल.

रविवारी गच्चीवर सभा झाली. वडे होते. मंदारनी फळ्यावर धरण आणि कालवे काढून सगळं समजावलं आणि संमतिपत्रं पुढे ठेवली. ती कुणी घेईना. लोकांना दुःखापासून सुटका मिळत होती, फुकट मिळत होती. मग अडचण काय, हे मंदारना कळेना.

पहिल्यांदा अमेय देवस्थळी बोलले. सोसायटीचे सेक्रेटरी, तोंडाने फटकळ. या माणसाचं बायकोशी वीस वर्षं फक्त दूध, गॅस आणि औषधं एवढंच बोलणं होतं, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. ते खाली बघत म्हणाले, की ती चित्रं पाहिल्यापासून ते संध्याकाळी बायकोबरोबर बसायला लागलेत. हे परत दिलं तर ते पुन्हा पूर्वीसारखे होतील, आणि त्यांना ते नको आहे. त्यांच्या बायकोने नवऱ्यापुढचं संमतिपत्र उचललं आणि घडी करून पर्समध्ये टाकलं.

मग एकेक जण बोलला. सगळे अदबीने बोलले, काहींनी हात जोडले. नाहीच म्हणाले.

शेवटी मंदार शर्वरींकडे वळले. शर्वरींची सासू अठरा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि या अठरा वर्षांत त्या नाशिकच्या बाहेर दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा हॉस्पिटलात.

"ओवी येतेय," मंदार म्हणाले. "तिच्यासाठी मागतोय. मला स्वतःला काही नकोय, म्हणजे हवंसं वाटतच नाही."

शर्वरी बराच वेळ रडत राहिल्या. "भाऊजी, केतकीताई मला जिन्यात भेटायच्या, 'काय गं, बरी आहेस ना' एवढंच. आता त्या माझ्या आहेत. कुणावर एवढा जीव लावता येतो, हे मला माहीतच नव्हतं. दुखतं, फार दुखतं. पण ते काढून घेतलं तर माझ्याकडे काय राहील? नुसतं बर्गेनचं नाव?" त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही दिलंत, मी घेतलं. आता नाही देता यायचं मला. मी वाईट आहे, असं समजा."

त्या वाईट आहेत असं मंदारना वाटलं नाही. तर्काने पाहता त्यांचं बरोबर होतं. त्यांनी कोरी संमतिपत्रं गोळा केली, फळा पुसला आणि उरलेले वडे गार होतील म्हणून सगळ्यांना आग्रह केला.

शुक्रवारी दुपारी ओवी आली. मंदारनी दार उघडलं, प्रवास कसा झाला, विमान वेळेवर होतं का, हे विचारलं. ती त्यांच्या गळ्यात पडली. आपण काय करायला हवं ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिठी सोडली. तेवढ्यात शर्वरी जिना उतरून आल्या. ओवीला पाहताच त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि ओवीचा बांध फुटला.

दोघी चार तास बसल्या. मंदारनी दोनदा चहा केला. शर्वरी सांगत होत्या, पोर्तोतल्या लॉण्ड्रीत कपडे फिरत असताना केतकीने डब्यातली शेवटची शंकरपाळी अर्धी मोडून पुढे केली तेव्हा कसं भरून आलं होतं. ओवी ते आईजवळ बसल्यासारखं ऐकत होती. अर्धी शंकरपाळी मंदारनी खाल्ली होती. ती थोडी नरम पडली होती, एवढं त्यांना आठवत होतं.

संध्याकाळी ओवी बॅग घेऊन बाहेर आली. "बाबा, मी चौथ्या मजल्यावर राहते. काकूंकडे. चालेल ना?" तिने ते फार जपून विचारलं, परक्या माणसाला विचारावं तसं.

"चालेल की," मंदार म्हणाले आणि बॅग उचलायला वाकले. वाकले तेव्हा बरगड्यांच्या खाली काहीतरी टोचलं. ते केतकीचं नव्हतं. केतकीचं सगळं गेलं होतं. हे आत्ताचं होतं, या दारातलं. मुलगी बॅग घेऊन आपल्या घरातून निघाली होती आणि त्यांना वाईट वाटत होतं. खूप वाईट वाटत होतं.

दारात थांबलेल्या शर्वरींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, काही होतंय का? बोला माझ्याशी. हलकं वाटेल."

मंदारनी बॅग ओवीच्या हातात दिली, लिफ्टचं बटण दाबलं आणि काही न बोलता आत येऊन दार लावून घेतलं.