बावन्न खाचांची काठी

"तिसऱ्या पायरीवर बसायचं. दुसऱ्या नाही, चौथ्या नाही. काठी सरळ सोडायची, पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं. जे दिसावंसं वाटतं, ते नाही."

आत्याचे शब्द मनात घोकत मुंगी किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरली. आत्या बोलायची इतकं हळू की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागे. काल इस्पितळातून घरी आल्या आल्या, प्लास्टरमधला पाय उशीवर टेकवून तिने भाचीला जवळ बोलावलं होतं आणि काळी, गुळगुळीत, बोटबोटभर अंतरावर बावन्न खाचा पाडलेली काठी तिच्या हातात दिली होती. पाय बरा होईपर्यंत एक दिवसही चुकवणार नाही, असं मुंगीने तिला कबूल केलं होतं.

"आणि मी?" आत्याच्या मुलाने विचारलं होतं. त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो झोपेतसुद्धा वाद घालायचा.

"तू आठला उठतोस," आत्या म्हणाली. खटला तिथेच निकाली निघाला.

तरी आज वकील जांभया देत आला होताच. त्याच्यामागे मुंगीचा तेरा वर्षांचा दादा होता, खिशात दोरी, चाकू, भिंग असलं काहीबाही कोंबून. सुट्टीत कधी काय लागेल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

किल्ला नावाजलेला होता तो एका वेढ्यामुळे. साडेतीनशे वर्षांपूर्वी शत्रू नऊ महिने तळ ठोकून बसला होता. आतलं पाणी संपायची वाट पाहायची, बस. टाक्यात सात दिवसांचं पाणी उरलं, तेव्हा आतल्या लोकांनी घरोघरच्या चादरी भिजवल्या आणि ठिबकत्या चादरी तटावर वाळत घातल्या. यांच्याकडे कपडे धुवायलाही पाणी आहे, हे पाहून शत्रूने हाय खाल्ली आणि तो चालता झाला! तेव्हापासून टाक्याचं पाणी रोज सकाळी मोजायचं आणि दरवाजाजवळच्या फळ्यावर लिहायचं, हा नेम. गेली बावीस वर्षं तो आत्याकडे होता.

फळ्यावर खडूने लिहिलं होतं : एक्केचाळीस.

मुंगी तिसऱ्या पायरीवर बसली. पाण्याखालच्या दगडात एक खोबण होती, तिथे तिने काठीचं टोक टेकवलं. तरंग विरले. तिने खाचा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"तेहतीस," ती म्हणाली.

"तुला मोजता येतं ना?" वकिलाने विचारलं आणि स्वतः मोजून पाहिलं. तेहतीसच.

आत्या पडली त्याला दहा दिवस झाले होते. भर उन्हाळ्यातही आठवड्याला जेमतेम एक खाच उतरते, हे वकिलाला पाठ होतं. आठ खाचा गेल्या कुठे? आणि आत्या इस्पितळात असताना फळ्यावर रोज लिहीत कोण होतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिकीटखिडकीतच बसलं होतं. तिकीटकाकांनी अगदी मोकळेपणाने सांगितलं की रोज सकाळी जुना आकडा पुसून ते तोच आकडा पुन्हा लिहितात, तेही छान वळणदार. "फळा ताजा दिसायला नको का?"

पहिला प्रश्न घेऊन तिघं किल्ल्याच्या साहेबांकडे गेले. साहेब फार उत्साही माणूस. आठ दिवसांपूर्वी त्यांनी नवा खेळ सुरू केला होता. संध्याकाळी तटावर लोखंडी चादरी उभ्या करायच्या, पंपाने त्यांच्यावर पाणी सोडायचं, दिवे लावायचे आणि माईकवरून वेढ्याची गोष्ट सांगायची. गोष्ट ते स्वतः सांगत आणि सांगताना त्यांचा गळाही भरून येई.

"साहेब, पंपाचं पाणी टाक्यातलं का?" दादाने विचारलं.

टाक्यातलंच, साहेब म्हणाले, पण एक थेंब वाया जात नाही. चादरीखालची पन्हळ ते गोळा करते आणि पाइप पुन्हा टाक्यात सोडतो. तसं नकाशात आहे. मग ते मुंगीकडे वळले आणि मायेने म्हणाले, "तू चुकीच्या पायरीवर बसली असशील, बाळ. आणि हे बघ, तो फळा मी आता तैलरंगाने रंगवूनच घेणार आहे. एक्केचाळीस. पाहुण्यांना आकडा हवा असतो, रोज मोजायची कटकट कशाला? तुझ्या आत्यालाही आराम."

मुंगीचा चेहरा उतरला. आत्याने नेम तिच्या हाती सोपवला काय आणि दुसऱ्याच दिवशी तो बंद पडायची वेळ आली काय! घरी आत्याने फक्त नजरेने विचारलं. मुंगीने खरा आकडा सांगितला. आत्या म्हणाली, "उद्या पुन्हा मोज."

दुसऱ्या दिवशी मुंगीने तीनदा मोजलं. बत्तीस.

म्हणजे रोज एक खाच. खोबण उघडी पडली की खाली नुसता गाळ, आणि पावसाला अजून अडीच महिने होते.

"इकडे या," दादा तटावरून ओरडला. तो पालथा पडून खाली वाकून बघत होता. तटाच्या पायथ्याशी सगळं रान वाळून पिवळं झालं होतं. मधोमध तेवढा एक हिरवागार तुकडा आणि त्यात चिमण्यांची आंघोळ चाललेली!

तिघं बाहेरच्या पायवाटेने धावत खाली उतरले. तटाच्या दगडांतून, मोठ्या माणसाच्या मानेएवढ्या उंचीवर, कोराकरकरीत पाइप बाहेर आला होता. तो आत वळवून टाक्याला जोडायचा राहूनच गेला होता.

"पुरावा क्रमांक एक," वकील म्हणाला. दादा तसाच साहेबांकडे निघाला होता, पण मुंगीने त्याचा सदरा धरला.

"ते म्हणतील, नकाशात आहे."

"मग?"

मुंगी विचार करत चिमण्यांकडे बघत राहिली. "शत्रूला कुणी सांगायला गेलं होतं का? त्याला दाखवलं. साहेबांनाही दाखवायचं. शत्रू उभा होता तिथूनच."

पुढचं काम वकिलाचं. जगातला सगळा भोळेपणा चेहऱ्यावर आणून तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेब गोष्ट फार सुरेख सांगतात, असं घरी सगळे म्हणतात, हे त्याने आधी कानावर घातलं. मग हळूच विचारलं की पाहुणे वर खुर्च्यांवर बसतात, पण चादरी तर शत्रूने खालून पाहिल्या होत्या, नाही का? साहेब थबकले. त्यांचे डोळे चमकले. "अरे, हे मला कसं सुचलं नाही?"

संध्याकाळी, अजून ऊन तांबूस असतानाच, साहेब चाळीस पाहुण्यांना घेऊन तटाखाली आले. चिखल टाळून उभं राहायला मुलांनी त्यांना एक सपाट दगड आधीच दाखवून ठेवला होता. तो पाइपाच्या बरोब्बर समोर होता, हा निव्वळ योगायोग, असं वकील आजही शपथेवर सांगतो.

वर पंप सुरू झाला. लोखंडी चादरी ठिबकू लागल्या. साहेबांनी माईक ओठांशी नेला.

"नऊ महिन्यांची तहान! शत्रूने मान वर केली, आणि पाहतो तर काय..."

पाइप आधी खोकला. मग मनगटाएवढी धार सुटली ती थेट साहेबांच्या कॉलरीतून आत. साहेबांनी केलेला आवाज माईकने साऱ्या किल्ल्याला ऐकवला. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खेळ अगदी खरा वाटला, असं एका आजींनी मुद्दाम जवळ येऊन सांगितलं.

साहेब निथळत वळले. त्यांनी पाइप पाहिला, हिरवं गवत पाहिलं. मग काठी घेऊन उभी असलेली मुंगी पाहिली.

"मला दाखव," ते म्हणाले.

तिने त्यांना तिसऱ्या पायरीवर बसवलं. काठी त्यांच्याच हातात दिली आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबायला लावलं. साहेबांनी बोट ठेवून मोजलं. एकतीस.

"सकाळी बत्तीस होतं," मुंगी म्हणाली. "खेळाआधी पुन्हा मोजलं, तेव्हाही."

साहेब ओल्या कपड्यांनी तिथेच बसून राहिले. "आणि मी रोज माईकवरून सांगतोय, त्यांनी पाणी कसं राखलं ते," ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांना हसू फुटलं, मुलांनाही फुटलं आणि टाक्याच्या भिंतींनी ते दुप्पट करून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाइप टाक्याला जोडला गेला. संध्याकाळी साहेब आणि तिकीटकाका आत्याच्या घरी आले. तिकीटकाकांनी कान पकडले. साहेबांनी रंगाऱ्याला परत पाठवल्याचं सांगितलं आणि खडूंची नवी डबी आत्यापुढे ठेवली. या तिघांनी किल्ला दुसऱ्यांदा वाचवला, असं ते भरल्या गळ्याने म्हणाले, तेही माईक नसताना.

आत्याने डबी मुंगीकडे सरकवली. "वेढ्यात पाणी मोजणाऱ्या माणसानेही सात दिवस म्हणजे सातच सांगितले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "ते खरं सांगितलं म्हणूनच चादरींची युक्ती वेळेवर सुचली." मग तिने मुंगीला विचारलं, "तिसऱ्याच पायरीवर बसली होतीस ना?"

"हो, आत्या."

"मग झालं तर," आत्या म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आत्याचं एवढं कौतुक आजवर कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं, हे वकिलालाही वाद न घालता मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर गाढ झोपलं होतं. वकिलाची एक तंगडी दादाच्या पोटावर होती. मुंगीने कोपऱ्यातली काठी उचलली, एक खडू खिशात टाकला, चपला हातात घेतल्या आणि कडीचा आवाज होऊ न देता दार उघडून ती किल्ल्याच्या वाटेला लागली.