चौथ्या शनिवारची तार

माशाचे काटे त्या कागदात गुंडाळा आणि जरा जवळ सरका. ड्वेन, तो मोबाइल खिशात. ही गोष्ट त्या उजेडात सांगायची नाही. आणि दात काढू नकोस. रॉस्को बीझलीबरोबर मी बावीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस ओढला आहे, तो थापा मारणाऱ्यातला नव्हे. थापा मारायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि रॉस्को दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी आम्ही म्हणायचो, आज स्वारी रंगात आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचा चौथा शनिवार. दुपारी रॉस्को हमरस्त्यावरच्या दुकानात गेला आणि एक झाडू घेऊन आला. त्याची बायको एर्नेस्टीन कामावर जायला निघाली होती. मासे साफ करण्याच्या कारखान्यात तिची दुसरी पाळी असायची.

"घरात एक झाडू आहे, तो उभ्या जन्मात हातात धरला नाहीस. हा कशाला?" ती म्हणाली.

"तारेसाठी."

झाडूच्या मुठीशी गुंडाळलेली तार त्याने उलगडली, ओसरीवरच्या भिंतीला दोन खिळे ठोकले, तार ताणली आणि दोन्ही टोकांशी खाली एकेक बाटली सरकवली. बोटाने छेडली. अख्खी भिंत घुमली. रविवारी चर्च सुटल्यावर डेन्मार्कची सहा माणसं येणार होती. एल्झी टॉलिव्हर लहानपणी अशा तारेवर वाजवायला कसा शिकला, ते त्यांना बघायचं होतं.

एल्झी कोण ते तुम्हाला सांगायला नको. उभ्या आयुष्यात सहा गाणी तबकडीवर भरली त्याने, तीही एकाच दिवसात. आणि ती सहा गाणी ऐकून जगभरच्या पोरांनी गिटार हातात धरली. आजही त्याच्यासारखं वाजवता यावं म्हणून लोक बोटं सोलून घेतात. परदेशातून येतात, त्याच्या थडग्यावर दारूच्या बाटल्या ठेवतात, रडतात. पण शेवटच्या रात्री या माणसाला कोणी घोटभर पाणी दिलं नाही, हे त्यांना आपल्यातलं कोणी सांगत नाही. लाज वाटते.

एकतीस साली, याच शनिवारी, मळ्याच्या टोकाला चोरून नाचगाणं चालायचं त्या खोपटात एल्झी वाजवत होता. कंदील लवंडला. सगळी माणसं बाहेर पडली, एल्झी सगळ्यांत शेवटी. जाळ घशात गेला होता. आवाज गेला तो गेलाच. आणि तेवढ्यात मळ्याचा मुकादम घोड्यावर बसून, कुत्री घेऊन निघाला, हा अड्डा कोणी चालवला ते शोधायला. घरं सगळी मळ्याची; ज्याचं दार उघडं दिसेल त्याचं बिऱ्हाड सकाळी रस्त्यावर, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे रस्त्यावरच्या सहाही घरांनी दिवे फुंकले.

एल्झीला हाक मारता येईना. पण तेव्हा प्रत्येक घराच्या भिंतीवर पोरांना शिकायला अशी तार असायची. तो घरोघर गेला आणि तार छेडत राहिला. तीनदा. मग थांबायचा. मग परत तीनदा... शेवटचं घर रॉस्कोच्या आजोबांचं, एमस बीझलींचं, आता रॉस्को राहतो तेच. ते आत बायकोच्या तोंडावर हात दाबून पडून होते. सकाळी एल्झी त्यांच्या फाटकाशी सापडला. तोंड उघडं, ओठांवर काजळी.

तेव्हापासून आपल्या रस्त्याची रीत आहे. ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारी सूर्य बुडायच्या आत भिंतीवरची तार उतरवायची आणि ओसरीवर पाणी भरून ठेवायचं. म्हातारा एमस मरताना रॉस्कोला म्हणाला होता, "वाजली तर उघडू नकोस, बाळा. तो आता पाणी मागायला येत नाही. जाब विचारायला येतो."

एर्नेस्टीनने तार बघितली आणि तिचा पारा चढला. "आज कोणता वार आहे, ठाऊक आहे ना? उतरव ती."

"उद्या पाहुणे येणार. परत कोण ठोकत बसणार?"

"तुझे पाहुणे गेले खड्ड्यात! मी येईन तेव्हा ही इथे दिसता कामा नये."

"बरं बाई, बरं. उतरवतो."

ती तणतणत निघाली, कारखान्याची गाडी हमरस्त्यावर भोंगा वाजवत होती. रॉस्कोने तार उतरवली नाही. मॅच लागली होती टीव्हीवर. उतरवू, उतरवू म्हणता म्हणता अंधार पडला आणि पाणी ठेवायचंही राहिलं.

रात्री दहाला तो स्वयंपाकघरात गेला तर टेबलावर एर्नेस्टीनचा श्वासाचा पंप. भांडणाच्या नादात विसरली होती. तिला दमा होता, चांगला जुना. त्यात ऑक्टोबरमध्ये कापसाची पानं झडावीत म्हणून विमानातून ते औषध मारतात, त्याचा वास तिला सोसत नसे. रॉस्कोच्या मनात आलं, गाडी काढावी आणि देऊन यावं. मग वाटलं, जाऊन शिव्याच खायच्या. एक-वीसला येईलच ती घरी. पंप शर्टाच्या खिशात टाकून तो अंथरुणावर पडला. पलंग त्याच भिंतीला लागून होता.

पाऊण वाजला असेल.

तार वाजली.

एकदा... दोनदा... तीनदा. मग शांत.

रॉस्कोचे डोळे उघडले. वारा असेल. पण वारा मोजून तीनदा वाजवत नाही. त्याने श्वास रोखला. भिंत अजून थरथरत होती, डोक्याखालची उशी थरथरत होती.

परत तीनदा.

पासष्ट वर्षांचा गडी, पण पाचावर धारण बसली त्याची. दिवा लावायला हात गेला आणि तसाच मागे आला. अंधारात पडून राहिला. आजोबा पडले होते तसाच, त्याच भिंतीशी.

मग त्याला एर्नेस्टीनची आठवण झाली. ती थोड्या वेळात येईल. गाडी तिला हमरस्त्यावर सोडते, तिथून ती अंधारात एकटी चालत येते. आणि ओसरीवर... ओसरीवर तो. येऊ नकोस म्हणून सांगायला रॉस्कोने तिला फोन लावला.

घंटा वाजली. त्याच्या कानात वाजली.

आणि बाहेरही वाजली.

लांबून. फाटकाच्या बाजूने. तिचंच ते चर्चमधलं गाणं, फोनवर लावलेलं. वाजत राहिलं... वाजत राहिलं... मग थांबलं. कोणी उचललं नाही.

"एर्नी?" तो कसाबसा म्हणाला.

भिंतीपलीकडून तार वाजली. तीनदा. या वेळी जोरात.

मला सांगताना रॉस्को म्हणाला, "मला कळत होतं रे. तिचा पंप माझ्या खिशात होता. दमा उठला की तिला बोलता येत नाही, हेही कळत होतं. ती दारात असेल, तार छेडत असेल, हेसुद्धा मनात आलं. आणि तरी माझा हात कडीपर्यंत जाईना. आजोबांचा आवाज कानात. उघडू नकोस, बाळा... मी माझ्याच बायकोला बाहेर मरू देत होतो."

तो दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला. काढला. गुडघ्यांवर बसला. "येशू, येशू, येशू." पलीकडून तार आता थांबत नव्हती. तीन नाही, चार नाही, नुसती... नुसती ओरबाडत होती. जळकट वास येऊ लागला. दाराच्या फटीतून. जुना, ओला, राखेचा वास.

मग तार थांबली.

आणि कोणीतरी रडलं. आवाज नसलेलं रडणं. घसा नसलेल्या माणसाचं...

"बस," रॉस्को म्हणाला. "काय करायचं ते कर माझं. पण तिला सोड." आणि त्याने कडी काढली.

ओसरीवर कोणी नव्हतं.

तार भिंतीवर थरथरत होती. तो अनवाणी पळाला. चाळीस पावलं. फाटकाशी, टपालपेटीच्या खांबाला पाठ टेकून एर्नेस्टीन बसली होती. ओठ निळे. डोळे उघडे. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज, तोही तुटत चाललेला. यंत्र बिघडलं म्हणून पाळी लवकर सुटली होती.

त्याने पंप तिच्या तोंडात धरला. "ओढ, एर्नी. ओढ! मला शिव्या दे, पण ओढ!" एकदा. दोनदा. मग तिला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि पस्तीस मैलांवरच्या इस्पितळापर्यंत असा हाकला की वाटेतला एकही दिवा त्याला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं झाली असती तर आणायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या नाकावरची नळी काढली. रॉस्को तिचा हात धरून रडत होता. "माफ कर मला. तू तार छेडत होतीस आणि मी... मी उघडलं नाही गं."

एर्नेस्टीन म्हणाली, "कसली तार? मला फाटकातून पुढे पाऊल टाकता आलं नाही, रॉस्को. मी तिथेच बसले होते."

रॉस्कोने तिच्या उशाशी खुर्ची ओढली.

"माझ्याजवळ कोणीतरी होतं," ती म्हणाली. "मला वाटलं तूच. धुराचा वास येत होता. माझ्याजवळ बसायचा, मग उठून घराकडे पळायचा, परत यायचा. चारदा गेला. चौथ्यांदा परत आलाच नाही. मग तू आलास."

ड्वेन, आता का हसत नाहीस?

पाहुण्यांना रॉस्कोने फोनवरूनच परत पाठवलं. सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तो एकटाच. काचेची बरणी काठोकाठ भरून त्याने तारेखाली ठेवली. गुडघे टेकून म्हणाला, "माझ्या आजोबांनी उघडलं नाही. मी उघडलं, पण उशिरा उघडलं. पी, दादा. पोटभर पी." मग आत जाऊन, दार सताड उघडं टाकून झोपला. त्या रात्री काही वाजलं नाही. सकाळी बरणी रिकामी होती.

कुत्रं प्यायलं असेल, असं मीही म्हणालो होतो त्याला. तेव्हा त्याने ती बरणी माझ्या हातात दिली. एर्नेस्टीनला ती घरात नको होती.

ऊठ ड्वेन, आत जा आणि पाणी भरून आण. आज कितवा शनिवार आहे ते मोजलंस का? आणि ऐक, माझ्या भिंतीवरची तार मी उतरवलेली नाही. रात्री वाजली तर दार उघडायचं. कोणी का असेना... उघडायचं.

ती नको, ती लोणच्याची. वरच्या फळीवरची घे. जपून. काठ बघ तिचा, दिव्याशी धरून. दिसले ना, काळे, दोन ओठ?

घास साबणाने हवं तर. मी तीन वर्षं घासतो आहे.