ग्राउसचं हाड आणि काळं सूप

"अहो बाई, जरा पाय उचला. तुम्ही ग्राउसवर उभ्या आहात."

झेनोनचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. साठ वर्षं झाली त्याला. मी अळंबी वेचायला टेकडीवर गेले होते. तो गुहेच्या तोंडाशी, प्राचीन प्राण्यांची हाडं शोधत, चाळणीत माती धूत बसला होता. माझ्या बुटाखालून त्याने काडीएवढं हाड काढलं, फुंकर मारली... आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू हजारो वर्षं ते मीच जपून ठेवलं होतं.

ग्राउस म्हणजे आमची थंड रानातली कोंबडी. हाड कुठल्या जातीचं, हे ठरवायला त्याला आजच्या ग्राउसचं हाड शेजारी ठेवून पाहायचं होतं. माझे बाबा वनरक्षक. त्यांनी काळी ग्राउस मारून आणली, तसं मी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. हाडासाठी — असं घरी सांगितलं.

आईला काय ते कळलं. तंबूत राहून हाडं धुणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, हे तिचं ठरलेलं. आमच्याकडे नकार तोंडाने देत नाहीत; मुलीसाठी येणाऱ्यापुढे बदकाच्या रक्ताचं काळं सूप ठेवतात. तो समजतो, टोपी उचलतो, जातो. आईने तेच सूप केलं, आणि मांस घातलं ग्राउसचं.

वाटी पाहून माझे डोळे भरले. झेनोनने मात्र सूप संपवलं, मांडीचं हाड चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि खिशातल्या डबीतून गुहेतलं हाड काढून शेजारी ठेवलं. ते नखभर आखूड निघालं.

"काळी नव्हे," तो बाबांना म्हणाला, "ही बर्फातली पांढरी ग्राउस." मग वाटी आईपुढे केली. "अजून वाढता?"

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. नकार पुन्हा मागून घेणारा तिने पाहिला नव्हता.

मी त्याला अंगणात गाठलं. काळ्या सुपाचा अर्थ माहीत नाही का, विचारलं.

"आहे की. माझ्या भावाला मिळालं होतं. अर्धी वाटी टाकून उठला, अजून एकटाच आहे."

"मग तुम्ही दुसरी वाटी—?"

"दुसरी मांडी होती ना त्यात." त्याचे कान लाल झाले. "आणि... दर रविवारी येऊन हेच खायचं ठरवलंय. बघू, आधी कोण थकतं."

पाच रविवार तो आला. सहाव्याला, आमची बदकं संपली म्हणून की आईचा हट्ट संपला म्हणून, देव जाणे, तिने बीटाचं लाल सूप वाढलं. झेनोन चमच्याने तळ ढवळत राहिला. काहीच लागेना, तसा त्याचा चेहरा पडला.

शेवटी आईच वैतागली. "अरे वेड्या, होकारात हाडं नसतात. जेव मुकाट्याने."