रिकाम्या खोलीचा दुसरा फोटो

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि बराचसा वेळ मी तिच्या शेजारीच होतो.

मंगळवार होता. भर दुपारचे तीन. ताईच्या घराची पुढची खोली, तेच तिचं ऑफिस.

ताई सोशल मीडियावरच्या जाहिराती करते. पद्धत सोपी आहे. एकाच जाहिरातीला दोन फोटो लावायचे. निम्म्या लोकांना पहिला दिसतो, निम्म्यांना दुसरा. ज्यावर जास्त क्लिक येतील तो ठेवायचा, दुसरा काढून टाकायचा.

त्या आठवड्यात काम होतं मोठ्या बाईंचं. मोठ्या बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. एकट्याच राहतात. वरची खोली भाड्याने द्यायची होती.

पहिला फोटो खिडकीचा. छान ऊन, टेबल, फुलदाणी. दुसरा दारातून काढलेला. पलंग, कपाट आणि कपाटापलीकडचा रिकामा कोपरा.

"दुसरा उगीच टाकलाय," ताई म्हणाली. "तोंडी लावायला."

सकाळी जाहिरात सुरू केली होती. तीन वाजता आकडे बघितले.

पहिल्यावर नऊ क्लिक.

दुसऱ्यावर... चारशे बारा.

ताई खूश. मग ती खालच्या कमेंट वाचायला लागली, आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"खोलीबरोबर ती मुलगीपण मिळणार का?"

"कोपऱ्यात उभी आहे ती कोण?"

"अहो, शिक्षा केलीय का तिला? भिंतीकडे तोंड करून उभी आहे."

आम्ही फोटो मोठा केला.

कोपरा रिकामा होता.

"टवाळ पोरं असतील," मी म्हणालो.

"यातले तिघे आजोबा आहेत," ताई म्हणाली. "आणि कुणी कुणाला ओळखत नाही."

शंका आली की छडा लावल्याशिवाय ताईला घास उतरत नाही. तिने फोटो मधोमध कापला. एका भागात पलंग, दुसऱ्यात कपाट आणि कोपरा. दोन्ही जाहिरातीला लावले.

पलंगाकडे चिटपाखरू फिरकलं नाही.

दुसऱ्यावर तासाभरात साठ कमेंट.

तिने तो पुन्हा कापला. कपाट वेगळं, कोपरा वेगळा. आता त्या फोटोत होतं काय? दोन भिंती आणि हातभर फरशी. असल्या फोटोवर कोण क्लिक करणार?

पण कमेंट येत राहिल्या...

"चेहरा दाखवा की."

"आत्ता मान हलली का तिची?"

आणि मग, पाच वाजून चार मिनिटांनी, एकच शब्द...

"वळली."

ताईने जाहिरात बंद केली. लॅपटॉप मिटला.

गुरुवारी सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. "अगं, भाडेकरू मिळाली. नर्स आहे. तुझी जाहिरात बघूनच आली. सामानसुद्धा आणलं तिने."

आम्ही होतो तसे निघालो. जिना चढताना ताई सारखी म्हणत होती, "तिला सांगायला हवं. ती तिथे झोपायच्या आत सांगायला हवं."

नर्स पलंगावर बसली होती. हसरी, गोल चेहऱ्याची. शेजारी कपड्यांच्या घड्या. ताईने अडखळत सगळं सांगितलं. मी कोपऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

नर्स आमच्याकडे बघतच राहिली.

"अहो ताई, फोटोत ती दिसली म्हणूनच तर मी ही खोली घेतली. म्हटलं, सोबत होईल."

"आणि... इथे आल्यावर?"

"आहे की. एवढ्या घड्या मी एकटीने घातल्या होय?"



मागे काहीतरी हललं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. कधी वर आल्या, कळलंच नाही.

"कशी आहे गं ती दिसायला?" त्यांनी नर्सला विचारलं.

"कशी म्हणजे? हुबेहूब तुमच्यासारखी. मला वाटलं, तुमची लेकच."

मोठ्या बाई पायरीवर मटकन बसल्या.

"ती गेल्यापासून इतकी वर्षं मी रोज इथला केर काढते," त्या म्हणाल्या. "मला का नाही दिसली?"

पुढे काही विचारायचा आम्हाला धीर झाला नाही.

याला महिना झाला. मला वाटलं, संपलं.

काल दुपारी ताईचा फोन वाजला. मी समोरच होतो. तिने स्पीकर लावला. नर्स होती.

"ताई, सगळं मजेत हं. आमचं दोघींचं छान जमलंय. फक्त..."

ती थांबली. तोंड बाजूला करून कुणाला तरी म्हणाली, "हो गं, विचारते. जरा दम धर."

पलीकडून उत्तराचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही.

"ती विचारतेय, मला इतक्या लोकांसमोर उभं केलं ती कोण? आणि मला कापलं कशाला, म्हणते."

ताईने फोन हातभर लांब धरला.

"भेटायचंय तिला तुम्हाला. मी पत्ता सांगितलाय. चालेल ना?"

तेवढ्यात पलीकडे दार लागल्याचा आवाज आला...

"अगं बाई," नर्स म्हणाली. "निघालीसुद्धा."

कालपासून ताई माझ्या घरी आहे. घरातला एकही कोपरा तिने मोकळा ठेवलेला नाही. खुर्च्या, बादल्या, गाद्यांच्या वळकट्या, हाताला लागेल ते नेऊन लावतेय.

एरवी मी हसलो असतो.

सकाळपासून मीच तिला वस्तू आणून देतोय.