परस्पर दिलेली माफी

मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला नववीच्या मुलींनी आपापल्या टॅबवर निबंध लिहून 'वर्गचावडी' या राज्यभरच्या शाळांसाठीच्या संकेतस्थळावर जमा केले, आणि तास संपायच्या आत ते तपासून हर्षला देवरे मॅडमच्या पडद्यावर आलेही. शुद्धलेखन, वाक्यरचना, गुण, सगळं जागच्या जागी. चाळीसगावच्या त्या शाळेत वह्यांचे गठ्ठे घरी नेणं केव्हाच बंद झालं होतं. मॅडमकडे आता फक्त वाचायचं काम उरलं होतं आणि ते त्या मनापासून करत.

त्या दिवशी एका नावापुढे लाल खूण होती. तीर्था महाजन. शेरा होता, 'नक्कल'.

वर्गचावडी नक्कल पकडायची ती लेखनठशावरून. कोणतं मूल कोणते शब्द वापरतं, वाक्य कुठे वळवतं, बोटं कुठे थबकतात, यावरून प्रत्येकाचा एक ठसा तयार होई. नवा निबंध त्या ठशाशी आणि राज्यभरातून जमा झालेल्या निबंधांशी ताडून पाहिला जाई. यंत्र सहसा चुकत नसे. पण तीर्था? ती अर्धंच पान लिहील, पण स्वतःचं लिहील.

मॅडमनी निबंध उघडला. 'घर सोडून गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आईने माझ्या गणवेशाचं बटण शिवलं. पांढरा दोरा संपला होता, म्हणून निळ्याने शिवलं. तिला जायची घाई होती, हे मला तेव्हा कळलं नाही.'

हे त्यांनी आधी वाचलं होतं. गेल्या वर्षीही याच मुलीने हीच आठवण लिहिली होती. तेव्हा जमा करण्याआधी तिने टेबलाशी येऊन हळूच विचारलं होतं, "मॅडम, हे कोण कोण वाचेल?" आणि मॅडमनी सांगितलं होतं, "फक्त मी." वर्गचावडी चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाने शिक्षकांच्या बैठकीत तसा शब्दच दिला होता.

त्यांनी 'मिळतेजुळते लेखन' या खुणेवर बोट ठेवलं. पडदा भरून गेला. सांगली, वर्धा, रत्नागिरी, परभणी. कुठे गणवेशाचं बटण होतं, कुठे फ्रॉकचा हुक. दोरा सगळीकडे निळा. सगळ्यांच्या आया निघून गेलेल्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी तीर्थाला शिक्षकखोलीत बोलावलं.

"नक्कल?" लाल शेरा वाचून ती म्हणाली. "माझ्याच आईची?"

मॅडम पडदा वळवणार होत्या, पण तिने तो आधीच पाहिला होता. ती एकेक निबंध उघडत गेली. मग विचारलं, "यांच्या सगळ्यांच्या आया अशाच गेल्या?"

"नाही गं. यंदा तो लेखनसोबती आलाय ना, काही सुचलं नाही की अनुभव सुचवणारा. त्याने तुझ्या निबंधातून उचललं असणार."

"तुम्ही म्हणाला होतात, फक्त मी वाचेन."

मॅडमनी तिच्यासमोरच कंपनीच्या प्रणव खैरनारला फोन लावला. त्यानेच तो शब्द दिला होता.

"नाव-गाव काढूनच घेतो आम्ही, मॅडम," तो नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला.

"पण आठवण तिची आहे!"

"आम्ही त्याला भावनिक नमुना म्हणतो. आणि जूनमध्ये नव्या अटी आल्या, तेव्हा वर्गातर्फे तुम्हीच 'मान्य' केलंत की."

केलं होतं. त्याशिवाय हजेरीचं पानच उघडत नव्हतं, आणि बाहेर पालकांची रांग लागली होती.

"मग आता काढून टाका ते."

"कणकेत मिसळलेलं मीठ वेगळं काढता येतं का, मॅडम? यंत्र त्यातून शिकून मोकळं झालंय. फार तर तिचा लाल शेरा काढतो."

आणि त्याने तो काढला. दोघींच्या डोळ्यांदेखत खूण हिरवी झाली.

"म्हणजे आता ती माझी आई झाली परत?" तीर्था म्हणाली. दप्तर उचलून ती गेली. त्यानंतर तिने वर्गात लिहिणंच सोडलं. मॅडमनी सगळ्या वर्गाला कागदावर लिहायला लावलं, तरी तिचा कागद कोराच येई. मुख्याध्यापिकांकडे तक्रार नेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, अख्ख्या शाळेचे निकाल वर्गचावडीवर चालतात. एका निबंधासाठी बंद करू?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी शिपाई मॅडमना कार्यालयात घेऊन गेला. फोनवर एक बाई होत्या.

"मी तीर्था महाजनची आई बोलतेय. नाशिकहून." आवाज कापत होता. "शेजारचा मुलगा टॅबवर आलेला निबंध पाठ करत होता. निळा दोरा ऐकला आणि हातातलं काम तसंच राहिलं. ते माझ्या पोरीशिवाय कुणाला ठाऊक असणार? मीच हट्ट करून तो पुन्हा वाचायला लावला. इतकी वर्षं तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, ताई. पण शेवटी तिने लिहिलंय ना..."

"काय लिहिलंय?"

"'आई, मी तुला केव्हाच माफ केलंय. तू फक्त ये.'"

तीर्थाच्या निबंधात असलं एकही वाक्य नव्हतं. पण आशादायक शेवटाला गुण जास्त मिळतात, हे यंत्र हजारो निबंधांतून शिकलं होतं. माफी त्याने आपल्याच मनाने जोडून दिली होती.

"मी रविवारी येऊ ना? चालेल ना तिला?" बाई रडत विचारत होत्या.

"जरा थांबा," म्हणून मॅडमनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्यांनी तीर्थाला वर्गातून बोलावून आणलं आणि दारातच सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मागच्या वेळी दिलेला शब्द पाळणं आपल्या हातात नव्हतंच, हे त्यांना कळून चुकलं होतं. आता निदान खरं तरी सांगावं.

तीर्था टेबलावरच्या रिसीव्हरपाशी आली.

"मी माफ केलं, हे मला न विचारता ठरवलं?"

"हो."

"आणि म्हणून ती येतेय."

"हो गं."

"मी खरं सांगितलं, तर येईल?"

"नको असेल तर मी बोलते तिच्याशी," मॅडम म्हणाल्या.

तीर्थाने नकारार्थी मान हलवली आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. पलीकडे तिचा श्वास ओळखू आला असावा.

"तीर्था?" शांत खोलीत तो आवाज मॅडमनाही ऐकू आला. "तूच लिहिलंस ना गं ते?"