आजोबांच्या यंत्रासाठी कोळसा

तपासणीचं औषध टाकताच परीक्षानळीतलं पाणी पिवळं झालं. मृण्मयीने नळी उजेडात धरून पुन्हा पाहिली. आजोबांच्या यंत्राला कोळशाची गाळणी होती, तरी पाण्यात क्लोरीन आलं कुठून?

"गाळणीची ताकद संपली," आजोबा म्हणाले. त्यांचे पाय सुजले होते.

आजोबा, म्हणजे डॉ. वामन खांबेटे, कच्छमधल्या लिग्नाइट संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून ते घरच्या डायलिसिस यंत्रावर (रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर) जगत होते. चक्रीवादळानंतर नळाच्या पाण्यात जास्त क्लोरीन सोडलं जात होतं. ते रक्तात गेलं, तर तांबड्या पेशी फुटतात. आईबाबा भुजला अडकले होते, रस्ता वाहून गेला होता आणि वाऱ्यात नवी गाळणी आणणारे ड्रोनही उडत नव्हते.

"इथल्या खाणीतलाच कोळसा भरू या?" मृण्मयीने विचारलं.

"तो आतून बंद असतो गं. आधी त्याला छिद्रं पाडावी लागतील."

आजोबा केंद्राच्या प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून सांगत गेले. टकलू नावाच्या यंत्रमानवाने लिग्नाइट (तपकिरी, कोवळा कोळसा) भरड दळला, फॉस्फोरिक आम्लात भिजवून वाळवला आणि बिनहवेच्या भट्टीत पाचशे अंशांवर तापवला.

"हवा का नको?"

"हवेत त्याची राख होईल. आता आम्ल कणाकणात शिरून जागा अडवून बसलंय. धुतल्यावर ते निघून जाईल आणि जागा रिकाम्या राहतील. याला रासायनिक सक्रियण (रसायनाने सूक्ष्म छिद्रं घडवणं) म्हणतात. चमचाभर कणांमधल्या भिंती पसरल्या, तर तुमच्या शाळेचं मैदान झाकलं जाईल. क्लोरीन त्या भिंतींवरच संपतं."

मृण्मयी गरम पाण्याने कोळसा धूत राहिली. निळा लिटमस कागद दरवेळी तांबडाच होई. आजोबांना धाप लागली.

"आजोबा, एवढं पुरे ना?" तिने विचारलं.

"नाही. आम्ल उरलं तर छिद्रं बुजलेलीच राहतील, आणि ते पाण्यातही उतरेल."

डोळे पुसत तिने पुन्हा पाणी ओतलं. अखेर कागद निळाच राहिला. टकलूने कोळसा वाळवून गाळणीत भरला. आता औषध टाकूनही पाण्याचा रंग बदलला नाही. तिचा विश्वास बसेना. तिने टकलूलाही तपासायला लावलं. कोळशाची पूड अडवणारी यंत्राची पुढची बारीक चाळणीही शाबूत होती. मगच तिने यंत्र सुरू केलं.

आजोबांची धाप हळूहळू उतरली. मृण्मयी त्यांचा हात धरून बसली होती.

"दवाखान्यातलं यंत्रही याच नळाच्या पाण्यावर चालतं ना?" तिने विचारलं.

"हो. तिथं दोन रुग्ण आहेत."

ती उठली. "टकलू, आणखी लिग्नाइट दळायला घे."